टायरचं दुकान, चार फुटांचा एक इंच : प्रकल्प नोंदी

14 जानेवारी 2023, शनिवार

पाऊस हटायला तयार नाही. लॉस एंजेलिसमध्ये राहून हे वाक्य लिहायला मिळतंय, म्हणजे वहीची सुरुवात चांगली झाली म्हणायची. घरात अडकलोच आहे, तर दोन वर्षं नुसतं तोंडी लावायला घेतलेलं काम एकदाचं हातात घेतलं: 1930 च्या दशकातलं अमेरिकन टायरचं दुकान, 1:48 मापात. खऱ्या चार फुटांचा इथे एक इंच. अमुक एका इमारतीची नक्कल करायची नाही. त्या काळी चौकाचौकात असायचं तसं एक. साल धरायचं 1937.

हे खूळ रोजच्या रस्त्यामुळे शिरलं. आम्ही राहतो नॉर्वॉकला. ऑफिसला जाताना फायरस्टोन बुलेव्हार्ड लागतो. पहिली काही वर्षं त्या नावाकडे लक्षच गेलं नाही. मग एकदा सिग्नलला उभं असताना उजेड पडला की अरे, हे तर टायरवाले! याच रस्त्यावर पुढे साउथ गेटला 1928 साली फायरस्टोनने कारखाना काढला. तो 1980 मध्ये बंद पडला. गुडइयर, गुडरिच, सॅमसन या सगळ्यांनी त्याच्या आगेमागे इथे बस्तान बसवलं होतं. टायर म्हटलं की ओहायोतल्या ॲक्रननंतर लॉस एंजेलिसचंच नाव निघायचं. कारखाने गेले, रस्त्याची पाटी राहिली.

दुसरं कारण अप्पा. कराडला हायवेला त्यांचं टायर रिमोल्डिंगचं, म्हणजे झिजलेल्या टायरवर नवं रबर चढवायचं, दुकान होतं. एक शटर, पुढे पत्र्याची शेड, शेडला दोन लोखंडी पाइप. त्या शेडीत बसून मी दहावीचा अभ्यास केलाय. त्यामुळे टायरच्या दुकानाला कुणी वास्तुकला म्हणतं हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू फुटलं होतं.

आजचं काम: 18 बाय 18 इंचाचा प्लायवूड कापला, म्हणजे 72 फुटांचा चौरस प्लॉट. दोन बाजूंनी रस्ते धरून फुटपाथ आखले.

22 जानेवारी, रविवार

सकाळी ला ब्रेया अव्हेन्यूला जाऊन आलो. आठव्या रस्त्याच्या कोपऱ्यावरचं फायरस्टोनचं जुनं दुकान. बांधकाम 1937 चं, आराखडा आर. ई. वॉर्ड यांचा. शहराने ही इमारत ऐतिहासिक वास्तू म्हणून नोंदवली आहे. टायरचं काम केव्हाच थांबलं, आता आत बिअर बनते आणि लोक बसून पितात.

समोरच्या फुटपाथवर अर्धा तास उभा राहिलो. आधी नजरेत भरतो तो छज्जा. गोल वळण घेत कोपऱ्यावरून बाहेर झेपावलेला, आणि खाली एकही खांब नाही. दुकानाचं तोंड ना या रस्त्याकडे ना त्या रस्त्याकडे; ते चौकाकडे आहे. पायी जाणाऱ्याला त्यात फारसं काही मिळत नाही. दारं, खिडक्या, पायऱ्या असं जवळून बघायला थोडकंच. पण गाडीतून येताना लांबूनच त्या आडव्या, न तुटणाऱ्या रेषा दिसतात, वर कंपनीचं नाव दिसतं, आणि कुठून आत शिरायचं ते न विचारता कळतं. ज्या शैलीला इथे स्ट्रीमलाइन म्हणतात ती जहाजांकडून आणि विमानांकडून आलेली. वाऱ्याला अडथळा नको म्हणून विमान गोलसर करतात हे ठीक. दुकान कुठे उडणार होतं? पण शोभून दिसतं, हे कबूल.

आत गेलो. जिथे गाड्या वर चढवायचे तिथे आता टेबलं आहेत. मी जमिनीकडे बघत बघत हिंडलो. लिफ्टची जागा कुठे असेल याचा माग मला लागला नाही. लोकांना वाटलं असेल याचं काहीतरी हरवलंय.

घरी येऊन थोडं वाचून काढलं. टायर बनवणाऱ्यांना स्वतःची दुकानं थाटायची गरज का पडली? एक कारण 1926 चं. त्या वर्षी गुडइयरने सीअर्स या बड्या दुकानदार कंपनीशी करार केला आणि सीअर्स स्वतःच्या नावाने स्वस्तात टायर विकू लागलं. नाव होतं ऑलस्टेट. (आज ज्या ऑलस्टेटला लोक विमा कंपनी म्हणून ओळखतात, तिला हे नाव 1931 मध्ये टायरवरून मिळालं. माझ्या घराचा विमा टायरच्या नावाचा आहे हे आज कळलं.) बाकीच्यांच्या डीलरांचं कंबरडं मोडायची वेळ आली. त्यात मंदी आली. नवी गाडी कोण घेणार? जुनीच रेटायची. मग तिला टायर लागतात, बॅटरी लागते, ब्रेकचं लायनिंग लागतं, ग्रीसिंग लागतं. हे सगळं एकाच छताखाली देणारं दुकान, तेही लांबून ओळखू येईल असं, म्हणजे इमारत हीच जाहिरात.

29 जानेवारी, रविवार

आज भिंतीचा एकही तुकडा कापला नाही, पण आत्तापर्यंतचा सगळ्यात चांगला दिवस.

प्लॉटवर दुकान कुठे ठेवायचं ते ठरत नव्हतं. आपल्याकडच्या सवयीने आधी ते रस्त्याला लागून ठेवलं. दर्शनी भाग रस्त्यावर, मग आत जागा. मग कंपास घेतला. त्या काळच्या गाडीला पूर्ण वळायला 40 फुटांचं वर्तुळ लागतं असं धरलं, म्हणजे त्रिज्या 20 फूट, मापात 5 इंच. एका रस्त्यावरून आत, दुसऱ्या रस्त्याने बाहेर, आणि मधून प्रत्येक बेमध्ये, म्हणजे गाडी कामाला लावायच्या खणात, नाक घालता आलं पाहिजे. पेन्सिलीने कमानी काढत गेलो. चार-पाच कमानी झाल्यावर मोकळी राहिलेली जागा आपोआप दिसायला लागली: मागच्या दोन कडांना चिकटलेला काटकोन. पुढचा सगळा कोपरा गाडीने खाल्ला.

म्हणजे दुकानाचा आकार आर्किटेक्टच्या आधी स्टिअरिंगने ठरवलाय. ला ब्रेयाच्या चौकाकडचं तोंड, गोल कोपरा, खांब नसलेला छज्जा, सगळं या कमानींतून निघतं. खांब असता तर रोज एकाने तरी मडगार्ड घासलं असतं.

प्लॅन पक्का: मागे चार बे, उजव्या हाताला विक्रीची काचेची खोली, मध्ये मोकळं अंगण.

5 फेब्रुवारी, रविवार

भिंती. 1 मिमी जाडीची स्टायरीन शीट, म्हणजे प्लॅस्टिकचा पातळ पत्रा.

खऱ्या दुकानांत एक मोठा वर्ग पोर्सिलेन एनॅमलच्या पत्र्यांचा होता. पोलादी पत्र्यावर काचेची पूड बसवून साधारण 800 अंश सेल्सियसला भाजायची, की काच वितळून पत्र्याला घट्ट धरते. आपल्याकडे दवाखान्यातले पांढरे ट्रे, निळ्या काठाचं टमरेल, घरावरच्या जुन्या निळ्या-पांढऱ्या नंबरपट्ट्या असायच्या, तेच हे. नळीने पाणी मारलं की भिंत स्वच्छ. ग्रीस, धूर, काजळी असल्या धंद्यात याहून भारी काय हवं? दोष एकच. कडेला टवका उडाला की आतला पत्रा गंजतो आणि गंज मागून पुढे सरकत काचेला सोलत जातो. टमरेलाच्या बुडाला काळा डाग पडतो तसाच.

एक पत्रा 2 फूट बाय 4 फूट धरला, म्हणजे मापात 12.7 बाय 25.4 मिमी. कटरच्या पात्याची उलटी बाजू धरून रेघा ओढायच्या. सुलटी धरली तर खाच पडून कडा वर येतात. 86 पत्रे आखले. 87 वा तिरका गेला, मग आजचं काम बंद.

रंगाचा प्रश्न. पांढऱ्यावर हिरव्या पट्ट्या दिल्या तर बघणारा लगेच टेक्साको म्हणेल. डिझायनर वॉल्टर डॉर्विन टीग यांनी टेक्साको या तेल कंपनीसाठी केलेला पांढरा पंप आणि त्यावरच्या तीन हिरव्या पट्ट्या याच 1937 च्या आहेत. पण तो पेट्रोल पंप. माझं टायरचं दुकान आहे, पेट्रोल असलं तरी जोडधंदा. सायीचा रंग आणि एक लाल पट्टा, ठरलं.

12 फेब्रुवारी, रविवार

आज सुपर बोल, अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना. रस्ते असे मोकळे की वाटलं हरताळ आहे. संधी साधून हायलंड अव्हेन्यूवरचा गिलमोरचा पंप बघून आलो. 1935 चा, आर. जे. कॅडो यांचा. बरीच वर्षं ओसाड होता, 2015 पासून तिथे स्टारबक्स आहे. छज्ज्याखाली पूर्वी गाडीत तेल घालायचे, आता माणसांत कॉफी घालतात. जागेचा मूळ उपयोग फारसा बदलला नाही म्हणायचा. छज्ज्याची जाडी डोळ्यांनी मोजली. माझी फारच बारीक झाली आहे.

25 फेब्रुवारी, शनिवार

कालपासून वादळ. उत्तरेकडच्या डोंगरांवर बर्फ आहे, इथे धो धो. आणि छज्जा वाकला.

जाडी वाढवायची म्हणून गेल्या आठवड्यात स्टायरीनचे तीन थर एकावर एक चिकटवले होते. घाई केली, सॉल्व्हंट भरपूर ओतलं. मधल्या थरात ते कोंडून राहतं, वाट मिळत नाही आणि हळूहळू प्लॅस्टिक मऊ करत बसतं. मंगळवारपर्यंत ठीक होता. आज पाहतो तर पुढची कड 4 मिमी खाली. पावसाळ्यात कराडच्या शेडीचा पत्रा पाणी साठून जसा पोटाला यायचा, अगदी तसा.

सगळा काढून टाकला. आता आत पितळी सांगाडा. खऱ्या छज्ज्याचं गणित तेच आहे हे हात काळे झाल्यावर कळलं: पुढे 12 फूट लोंबकळायचं असेल तर मागे छपरात तुळईची शेपूट हवी आणि त्या शेपटीवर वजन हवं. जे दिसतं ते न दिसणाऱ्याच्या जिवावर उभं असतं. सहा पट्ट्या कापल्या, प्रत्येकीचा मागचा भाग छपराच्या पोटात 8 फूट घेतला, डाग देऊन एका आडव्या पट्टीला जोडल्या. वरून स्टायरीनचं पातळ कातडं. छपराच्या आत मागच्या टोकाला मासेमारीची शिशाची वजनं.

बोट भाजलं. ही म्हणाली, पन्नाशीला आलात, आता तरी विकत आणत जा. हे विकत मिळत नाही, हे तिला पटत नाही.

5 मार्च, रविवार

सिटाडेल. आमच्याकडे पाहुणे आले की कपडे-बूट घ्यायला इथेच न्यावं लागतं, त्यामुळे दहा वेळा तरी आलो असेन. आज पहिल्यांदाच पिशव्या न घेता आलो.

फ्रीवेला समांतर जवळपास 1,700 फूट लांब तटबंदी. बुरूज, पंखवाले प्राणी, दाढीवाले योद्धे. 1930 मध्ये सुरू झालेला सॅमसन टायरचा कारखाना आहे हा. मॉर्गन, वॉल्स अँड क्लेमेंट्स या आर्किटेक्ट मंडळींनी प्राचीन असिरियाचा राजा दुसरा सारगोन याच्या खोर्साबादच्या राजवाड्यावरून तो बेतला. सॅमसन बायबलमधला बलदंड, केस कापले की ताकद जाणारा. त्याचा या सारगोनशी काय संबंध? काही नाही. बळकट टायर, बळकट सॅमसन, जुना पूर्वेकडचा बळकट किल्ला, चला बांधू. हा उत्साह मला आवडतो. आपल्याकडे मंगल कार्यालयाला राजवाड्याची कमान लावतात त्याच जातीचा.

पण तटाच्या मागे चालत गेलं की टायरचं काही नाही. पुढे हा कारखाना युनिरॉयलचा झाला, 1978 मध्ये बंद पडला, आणि 1990 मध्ये त्या जागी दुकानं आली. भिंत आणि पुढची कचेरी ठेवली. जिथे रबर शिजायचं, जिथे माणसं घामेजून काम करायची, त्या शेड गेल्या. ला ब्रेयाला तेच: छज्जा आहे, लिफ्ट नाही. हायलंडला तेच. जपतात ते तोंड. हातांची जागा कुणाला नको असते. माझी ही तक्रार जुनी आहे, पण आज तटाच्या त्या लांबीने ती पुन्हा टोचली.

(1,700 फूट मापात आणले तर 35 फूट होतात. माझं गॅरेज 20 फुटांचं आहे. तेव्हा सारगोनला रामराम.)

22 मार्च, बुधवार

गुढीपाडवा. काम शून्य. संध्याकाळी आर्टेशियाला पायोनियर बुलेव्हार्डवर श्रीखंड आणायला गेलो आणि पार्किंगमध्ये गाडी वळवता वळवता लक्षात आलं की मी माझ्याच प्लॅनमध्ये आहे. मागच्या दोन कडांना काटकोनात दुकानं, पुढे कोपऱ्यात गाड्यांचं अंगण. किराणा, चाट, भुवया कोरून देणारी, मोबाइलवाला.

योगायोग नाही हा. पंप आणि टायरवाल्यांची ही मांडणी बघून 1924 मध्ये ग्लेनडेलला गाडीतून उतरून भाजी घ्यायचा पहिला बाजार निघाला. आणि 1973 च्या तेलटंचाईत कोपऱ्यांवरचे पंप धडाधड बंद पडले, तेव्हा त्या मोक्याच्या जागांवर अशा छोट्या दुकानरांगा उभ्या राहायला लागल्या. पहिली त्याच वर्षी पॅनोरमा सिटीत, एका जुन्या पंपाच्या जागी. श्रीखंड मात्र आंबट निघालं.

8 एप्रिल, शनिवार

लिफ्ट. याची वाट बघत होतो.

कराडला आमच्या शेजारच्या गॅरेजात खड्डा होता. मिस्त्री खाली उतरायचा, वरून तेल गळायचं. लिफ्टमुळे माणूस उभ्याने काम करू लागला. 1920 च्या दशकात मेम्फिसच्या पीटर लुनाटी यांनी ही काढली. न्हाव्याची खुर्ची वर-खाली होते, गोल फिरते. ती बघून त्यांना वाटलं, हिच्यावर गाडी का नाही? जमिनीत एकच जाड दांडा, वर रुळांची जोडी, आणि पूर्ण गाडी वर उचलून गोल फिरवता येते. दाढीच्या खुर्चीतून हे सुचलं म्हणजे माणूस डोळे उघडे ठेवून दाढी करून घेत असणार.

5 मिमीची पितळी नळी, तिच्यात सरकणारी दुसरी. रूळ स्टायरीनचे. 1936 च्या फोर्डचं छोटं मॉडेल होतं, ते वर ठेवलं, दांडा सरकवला, आणि फोर्डचं टप छताला ठोकलं.

पुन्हा मोजलं. गाडीची उंची साडेपाच फूट, वर उचलायची पावणेसहा, झाले सव्वाअकरा. मी बे बांधल्यात 11 फुटांच्या! कारण? बाहेरून भिंत आणि छज्जा यांचं प्रमाण डोळ्याला बरं दिसलं म्हणून. आतून कधी मोजलंच नाही. चारही बेंचं छप्पर 2 फूट, म्हणजे 12.7 मिमी उचलावं लागणार. मग विक्रीची खोली बुटकी आणि बे उंच, हे झाकायला पुढून एक सरळ उभी पट्टी. जुन्या फोटोंत ती पट्टी नेहमी दिसायची. मला वाटायचं नावाची पाटी लावायला आहे. ती छपराची चूक झाकायलाही आहे.

दोन शनिवार जाणार यात.

23 एप्रिल, रविवार

काल रांचो कुकामोंगाला गेलो होतो, रूट 66 वरचा 1915 चा पिवळा छोटा पंप बघायला. हौशी मंडळींनी मेहनतीने उभा केलाय, 2015 मध्ये पुन्हा उघडला. पुढची टपरी दृष्ट लागावी अशी. मागे मोठं गॅरेज होतं, ते नाही. मी काही बोललो नाही. ज्यांनी जेवढं वाचवलं तेवढ्याचे आभार मानावेत.

आज टायर. बारीक काळ्या रबरी ओ-रिंगा, 40 नग. त्यांतल्या 12 ना पांढरे पट्टे, कारण 1937 मध्ये पांढऱ्या कडेचे टायर म्हणजे ऐट. पोरीने अर्ध्या रंगवल्या आणि विचारलं, टायर काळेच का असतात? रबर मुळात काळं नसतंच. मळकट पांढरं, फिकट. कार्बन ब्लॅक, म्हणजे तेलाची काजळी म्हण, ती घातली की टायर कितीतरी जास्त टिकतो हे कळल्यावर 1910 च्या दशकात काळे टायर रुळले. म्हणूनच मिशेलिनचा तो टायरांचा गुबगुबीत माणूस पांढरा आहे. तो 1898 चा, काळे टायर येण्याआधीचा.

त्याच मिशेलिनचं लंडनमधलं घर मी 2016 मध्ये पाहिलंय. फुलहॅम रोडवरचं, 1911 मध्ये उघडलेलं, फ्रांस्वा एस्पिनास यांनी केलेलं. ते आर्किटेक्टही नव्हते, कंपनीतले इंजिनिअर. कोपऱ्यांवर काचेचे घुमट, टायरांची चळत रचल्यासारखे. भिंतींवर शर्यतीच्या गाड्यांच्या टाइल्स. पुढच्या बेमध्ये गाडीचे टायर बदलून द्यायचे. रंगीत काचेच्या तीन मोठ्या खिडक्यांत तो गुबगुबीत. दुसऱ्या महायुद्धात बाँबच्या भीतीने काचा काढून ठेवल्या आणि त्या हरवल्याच. आज दिसतात त्या 1980 च्या दशकात नव्याने केलेल्या. तिथे मी कॉफी घेतली होती. टायरच्या जागी कॉफी मिळण्याचा माझा अनुभव तसा जुना आहे.

6 मे, शनिवार

अक्षरं. छज्ज्याच्या कडेवर उभी, खालून पितळी तारेवर टेकलेली, म्हणजे मागचं आकाश अक्षरांमधून दिसतं. सगळी कापली, घासली, लाल रंग दिला, रांगेत उभी केली, दोन पावलं मागे जाऊन बघितलं. चुकलं होतं. अमेरिकेत टायरच्या स्पेलिंगमध्ये आय असतो. मी कापला वाय. हात कराडचा, तो काय करणार? वाय जपून ठेवलाय.

रस्त्याकडेला जाहिरातीचा असतो तो फायबरग्लासचा अवाढव्य माणूस उभा कर, असं एका मित्राने सुचवलं. ते सगळे 1962 पासूनचे. माझ्या दुकानात अजून महायुद्धसुद्धा झालेलं नाही.

21 मे, रविवार

अप्पा आले. प्रवासाचा शीण दोन दिवस काढला, आज गॅरेजात आणलं. छज्ज्याला दिवे लावले होते, अक्षरं मागून उजळत होती, आरसा पुसावा तशा भिंती पुसल्या होत्या. चष्मा काढून, वाकून, बराच वेळ बघितलं त्यांनी.

"दुकान टायरचंच न्हवं?"

"हो अप्पा."

"मग पंक्चर कशात बघायचं? टब कुठाय?"

मी गप्प. ट्यूब फुगवायची, पाण्यात फिरवायची, बुडबुडे आले की पेनाने खूण. आमच्याकडे अर्धं कापलेलं पिंप होतं त्याला. मी म्हटलं, अप्पा, हल्लीच्या टायरांत ट्यूब नसते.

"ह्या सालात हुती का?"

होती. ट्यूबलेस टायर गुडरिचने 1947 मध्ये पुढे आणले आणि 1955 च्या सुमारास ते नव्या गाड्यांत सर्रास आले. 1937 च्या दुकानात टब असलाच पाहिजे. अप्पा पुढे सुरू: जुने काढलेले टायर कुठं टाकता? हवेची टाकी कुठं? पोरं डबा कुठं खातात? हात कशानं धुतात? रॉकेलनं का साबणानं? काचेच्या खोलीत मी काउंटर, नवे टायर, दोन खुर्च्या, पंखा, भिंतीवर नकाशासुद्धा लावलाय. चारही बे मात्र एका लिफ्टशिवाय रिकाम्या. जमीन स्वच्छ करडी, तेलाचा डागही नाही.

मार्चची नोंद उघडून वाचली. सिटाडेलला मीच लिहिलंय, जपतात ते तोंड. मी तर नवीन बांधतानाही तोंडच बांधलं.

मध्येच अप्पांनी 'फायरस्टोन' हे नाव रस्त्याच्या पाटीवर वाचल्याचं सांगितलं. त्यांच्या उमेदवारीच्या काळात ट्रकला ते टायर यायचे; मुंबईत शिवडीला कारखाना होता, त्याचंच पुढे बॉम्बे टायर्स झालं. "त्यांच्या टायरवर रिमोल्ड चांगला बसायचा," म्हणाले. बाकी साऊथ गेट, ॲक्रन, स्ट्रीमलाइन यांत त्यांना काही रस वाटला नाही.

29 मे, सोमवार

मेमोरियल डेची सुट्टी. दोघं मिळून बसलो. अप्पा सांगतात, मी कापतो.

दुसऱ्या बेच्या मागच्या भिंतीला हवेची टाकी, औषधाच्या बाटलीच्या टोपणापासून. नळी तांब्याच्या तारेची. मागच्या दाराबाहेर जुन्या टायरांचा ढीग, 28 ओ-रिंगा घासून, राखाडी धूळ मारून. अप्पांनी ढीग दोनदा मोडला, टायर असे नीट रचलेले नसतात, फेकलेले असतात म्हणून. मग ढीग त्यांनीच चिमट्याने फेकला. हात थोडा थरथरतो, त्यामुळे अगदी खऱ्यासारखा पडला. जमिनीवर तेलाचे डाग: पातळ काळा-तपकिरी, लिफ्टच्या दांड्याभोवती दाट, दाराकडे विरळ, कारण गाडी बाहेर जाताना चाकांबरोबर तो ओढला जातो. विक्रीच्या खोलीकडे जाणारी पावलांची वाटही दिली.

टब: 16 मिमी व्यासाच्या पितळी नळीचा 8 मिमी उंच तुकडा, खाली पत्रा डाग देऊन. आत पारदर्शक रेझिन ओतलं. एक ओ-रिंग अर्धी बुडवून तिरकी ठेवली आणि सुईने तिच्या कडेला चार बुडबुडे सोडले.

3 जून, शनिवार

रेझिन काचेसारखं घट्ट झालंय. बुडबुडे जागच्या जागी. मी खूश. अप्पांना भिंग दिलं.

"पाणी लईच निर्मळ हाय," म्हणाले. "धंदा चालत न्हाई वाटतं ह्याचा."

दुसरा टब कापायला घेतलाय. या वेळी रेझिनमध्ये काळ्याचा एक थेंब आणि तपकिरीचा अर्धा. किती गढूळ ते अप्पा बघणार आहेत.